व्हीसीडी मिळाली, पण पिक्चर पूर्ण आहे का?

बाजारातून गेलेल्या चित्रपटांच्या व्हीसीडी, डीव्हीडी आणि कॅसेटबद्दल वाचकांचे प्रश्न.

प्रश्न : सत्तर-ऐंशीच्या दशकांतले काही मराठी चित्रपट व्हीसीडीवर शोधतो आहे. कंपन्या आता नव्या प्रती काढत नाहीत. कुठे शोधावं? आणि विकणारा 'पूर्ण आहे' म्हणतो, ते तपासायचं कसं? (सांगली)

पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. मुंबईत चोर बाजार आहे. पण खरा साठा तालुक्याच्या गावी, बंद पडलेल्या व्हिडिओ लायब्ररीच्या माळ्यावर असतो, तिथे आधी विचारा. ऑनलाइन शोधताना रोमन लिपीतली दोन-तीन स्पेलिंग वापरून बघा, कव्हरवर कुठलं छापलं असेल याचा नेम नसतो. आणि नाव एकच असलं तरी आवृत्ती तीच आहे ना, हे बघा. जब्बार पटेलांचा 'उंबरठा' (१९८२) हिंदीतही 'सुबह' या नावाने निघाला, दोन्हींत स्मिता पाटील आणि गिरीश कर्नाड. कव्हरवरच्या फोटोवरून मागवलं तर भलतीच भाषा हाती येते.

आता पूर्ण-अपूर्णाचं. चित्रपटाच्या सुरुवातीला सेन्सॉर प्रमाणपत्र दिसतं, तिथे पॉज करा. लांबी मीटरमध्ये आणि रिळांची संख्या त्यावर असते. ३५ मिमी फिल्म मिनिटाला २७.४ मीटर पळते. जुन्या प्रमाणपत्रात फूट असतील तर मिनिटाला ९० फूट धरा. म्हणजे ४,११५ मीटरचा चित्रपट १५० मिनिटांचा. व्हीसीडी मात्र १४४ मिनिटांतच संपली तर लगेच भांडायला जाऊ नका. फिल्म सेकंदाला २४ चौकटींची, आपल्या टीव्हीची पॅल पद्धत २५ ची. तेवढ्याने वेळ ४ टक्के कमी होतो आणि आवाज किंचित पातळ लागतो. १४४ च्याही खाली गेली, तर मात्र कात्री लागलेली आहे. बहुतेक वेळा एखादं गाणं नाहीतर मध्यंतराच्या आसपासचा तुकडा जातो.

घरी न लावताही एक अंदाज येतो. एका व्हीसीडीत ७४ ते ८० मिनिटं मावतात. पावणेतीन तासांहून लांब चित्रपट दोनच सीडींत मिळत असेल, तर तो कापलेलाच आहे. पाकीट उघडून दोन्ही सीडी एकाच चित्रपटाच्या आहेत का तेही बघा. लायब्ररीच्या साठ्यात अदलाबदल फार होते.

मग सीडी उन्हाकडे धरा. खालच्या चकचकीत बाजूचा चरा फारसा घातक नाही, तिथे सव्वा मिलिमीटरच्या आसपास प्लास्टिक असतं आणि हलकं पॉलिश चालतं. चित्राचा थर वरच्या, छापील बाजूच्या लगेच खाली असतो. तिथे उजेडाची टिकली दिसली, तर तेवढा भाग कायमचा गेला. अशी सीडी घेऊ नका.

मिळाल्यावर पहिलं काम कॉपी. 'एमपीईजीएव्ही' फोल्डरमधली डॅट फाइल, म्हणजे खुद्द चित्रपट, माऊसने ओढू नका. व्हीसीडीच्या व्हिडिओ भागाला साध्या डेटा सीडीइतकी चूक-दुरुस्ती नसते, म्हणून जरा चरा आला की विंडोज कॉपी मध्येच सोडून देतं. इमजीबर्न या प्रोग्रॅमने सगळ्या सीडीची बिन-क्यू प्रतिमा (सीडीची जशीच्या तशी नक्कल असलेल्या फाइली) घ्या, वाचण्याचा वेग ४ किंवा ८ पट ठेवा, मग व्हीसीडीगिअर या प्रोग्रॅमने त्यातून एमपीजी व्हिडिओ फाइल काढा. दोन-चार चौकटी फुटतील, पण बाकी चित्रपट हाती राहील.

प्रश्न : घरातल्या जुन्या व्हीएचएस कॅसेटच्या खिडकीतून पांढरे ठिपके दिसतात. व्हीसीआरमध्ये घालू का? (रत्नागिरी)

अजिबात नाही. ही बुरशी आहे. कोकणातल्या दमट हवेत कपाटातल्या कॅसेटना धरतेच. ती व्हीसीआरच्या हेडवर, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागावर, चिकटते, चित्र जातं, आणि पुढे त्या व्हीसीआरमध्ये घातलेल्या प्रत्येक कॅसेटला लागते.

कॅसेट झिप पिशवीत सिलिका जेलसोबत दोन-तीन आठवडे बंद ठेवा. ओली बुरशी फासली जाते, कोरडी झटकता येते. मग मास्क लावून, घराबाहेर, खालचे पाच स्क्रू काढा. झाकण उचलण्याआधी कॅसेट सरळ करा आणि आत टेप कुठून कशी वळते याचा फोटो काढा. दोन्ही रिळं एखाद्या निकामी पण स्वच्छ कॅसेटच्या खोक्यात बसवा. टेपच्या कडा धागे न सुटणाऱ्या मऊ कापडाने कोरड्याच पुसा. वेढे एकमेकांना चिकटले असतील तर ओढू नका. लेप टेपवरून सुटतो आणि चित्र त्याच्याबरोबर जातं.

कडेचा रेकॉर्डिंगचा प्लास्टिक तुकडा मोडून टाका, म्हणजे चुकून वरून काही भरलं जाणार नाही. पहिल्याच वेळी लावाल तेव्हा कॉम्प्युटरवर रेकॉर्डिंग सुरू करूनच लावा, दुसरी संधी मिळेलच असं नाही. नंतर व्हीसीआरचा प्लग काढून हेड साफ करा : शॅमॉय या मऊ कातड्याला ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून ते ड्रमवर (हेड बसवलेल्या फिरत्या गोल भागावर) स्थिर धरा आणि ड्रम वरच्या कडेला धरून हाताने फिरवा. वर-खाली घासलं तर हेड तुटतं. कानाच्या कापसाच्या काड्या तिथे नकोत, तंतू हेडमध्ये अडकतात.

प्रश्न : मुलीने अमेरिकेहून पाठवलेली डीव्हीडी आमच्या प्लेअरवर लागत नाही. (नाशिक)

डीव्हीडीला देशांप्रमाणे विभाग, म्हणजे रीजन, असतो आणि तो प्लेअरशी जुळला तरच ती लागते. भारताचा रीजन ५, अमेरिकेचा १. कव्हरमागे पृथ्वीच्या छोट्या चित्रात आकडा असतो; पुढच्या वेळी तिला '०' किंवा 'ऑल' बघून घ्यायला सांगा. कॉम्प्युटरच्या ड्राइव्हचा रीजन पाच वेळाच बदलता येतो, पाचव्यांदा ठेवाल तोच राहतो. म्हणून त्यापेक्षा रीजन-फ्री प्लेअर घ्या. ब्लू-रेची विभागणी वेगळी : भारत 'सी', अमेरिका 'ए'. अमेरिकन व्हीएचएस मात्र मागवूच नका, घरात मल्टिसिस्टिम व्हीसीआर असल्याशिवाय. ती एनटीएससी या अमेरिकन टीव्ही पद्धतीची असते. साध्या पॅल व्हीसीआरवर चित्र काळं-पांढरं येतं, घरंगळतं.

प्रश्न : माझ्याकडच्या दुर्मीळ चित्रपटाच्या प्रती मित्रांना विकू शकतो का? (ठाणे)

हक्क संपले नसतील तर नाही. भारतात चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं असतो. १९६० चा चित्रपट १ जानेवारी २०२१ ला मोकळा झाला. हक्क न संपलेल्या चित्रपटासाठी आधी हक्कदार कंपनीचं यूट्यूब चॅनेल बघा, पुष्कळ जुने चित्रपट तिथे आहेत. फक्त लांबीचा हिशेब तिथेही करा.