ओझं कधी द्यायचं

प्रिय पोरी,

न्यूझीलंडमधल्या अनेक दिवस-रात्र चालणाऱ्या साहसी शर्यतीसाठी चौघांच्या संघात तुझी निवड झाली, आणि 'ताई, संघात एक बाई लागते म्हणून त्यांनी मला घेतलंय,' असं तू लिहिलंस. बाई लागते हे खरंच. 1989 साली न्यूझीलंडमध्ये रेड गोल्वाज ही अशीच साहसी शर्यत पहिल्यांदा झाली, तेव्हा संघ पाच जणांचे होते आणि त्यातही एक बाई सक्तीचीच होती. 2019 ची फिजीतली इको-चॅलेंज ही शर्यत, 671 किलोमीटरची, न्यूझीलंडच्या संघाने जिंकली. त्या चौघांत सोफी हार्ट होती. ती नियमापुरती आली होती, असं कुणी म्हणून दाखवावं. तेव्हा हा विषय इथेच संपला. त्याची टोचणी मात्र तुझ्या मनात राहणार, आणि ती घातक आहे. का, ते पुढे सांगते.

आधी मार्गाचं बोलू. न्यूझीलंडमधलीच कोस्ट टू कोस्ट ही शर्यत 1983 पासून चालू आहे. 243 किलोमीटर, टास्मान समुद्राच्या काठापासून क्राइस्टचर्चपर्यंत. तिचा मार्ग ठरलेला, वाटेतल्या गोट पास खिंडीचा दगडन् दगड लोकांना पाठ. तुझी शर्यत तशी नाही. नकाशे सुटण्याच्या थोडेच तास आधी हातात पडतील. जीपीएस चालत नाही, फोन सीलबंद. चेकपॉइंट गाठायचे हे ठरलेलं, दोन चेकपॉइंटच्या मधली वाट मात्र तुम्ही शोधायची.

सह्याद्रीत आपण वाट चुकतो, पण वाट असतेच. गुरांची असेल, लाकूडतोड्यांची असेल. नाहीच दिसली तर खालच्या वाडीत हाक मारायची. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटाच्या डोंगरात वाडी नाही. कमरेएवढं टसॉक गवत, मटागौरीची काटेरी झुडपं आणि स्पीअरग्रास. हे शेवटचं चड्डीतून आरपार टोचतं, हाताने धरून चढायला जाऊ नकोस. रात्री उतरताना नाळ (दोन उतारांमधली अरुंद घळ) आणि सोंड (डोंगराची खाली उतरत जाणारी धार) असे दोन पर्याय असले, तर लांब पडली तरी सोंड घे. नाळ नकाशावर सरळ दिसते आणि मध्येच कड्यावर येऊन संपते. मग आलेला घसारा परत चढायचा. आणि किलोमीटर मोजू नकोस, तास मोज. तिथे अंतराला काही अर्थ नसतो.

सरोवरांबद्दल मात्र जरा सविस्तर लिहिते, कारण आपण धरणाच्या पाण्यावर कयाक शिकलेली माणसं. वाकाटिपू सुमारे 80 किलोमीटर लांब आहे आणि जवळजवळ 380 मीटर खोल. पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून 310 मीटरवर, म्हणजे तळ समुद्राच्याही खाली. भर उन्हाळ्यातही पाणी गार. उलटलीस तर पहिल्या मिनिटात श्वास ताब्यात ठेवायचा, बाकी सगळं नंतर. सकाळी आरसा असतो, दुपारी वारा उठला की लाटा. या पाण्याची पातळी दर 25-27 मिनिटांनी काही सेंटिमीटर वरखाली होते. माओरी म्हणतात, तळाशी राक्षसाचं काळीज अजून धडधडतंय. तू एवढंच कर, होडी अर्धी पाण्यात ठेवून डुलकी काढू नकोस, पूर्ण वर ओढ.

आणि डार्क झोन. मोठ्या पाण्यावर बहुतेक वेळा अंधार पडल्यावर वल्हवायला बंदी असते. संध्याकाळी ठरलेल्या वेळेआधी काठ सोडला तर सोडला, नाहीतर उजाडेपर्यंत थांबायचं. म्हणून नकाशा हातात आला की पहिल्या चेकपॉइंटपासून नव्हे, सरोवराच्या काठापासून मागे मागे हिशोब करत या. इथे किती वाजता पोचायला हवं? मग त्याआधीची झोप कुठे, किती?

माझ्या शर्यतीत आम्ही हा हिशोब नीट केला होता. दुसऱ्या रात्री नदी ओलांडल्यावर माझ्या डाव्या टाचेची कातडी भिजून सुटायला लागली. मी सांगितलं नाही. तिघे पुरुष, आणि मी नियमाची बाई! पाठीवरचं ओझं द्यायला मी तयार नव्हते, मोजे बदलायला दहा मिनिटं मागायलाही नाही. पहाटेपर्यंत लंगडले, सकाळी रांगेत शेवटची आले. दुपारी एका सहकाऱ्याने न विचारता माझी सॅक ओढून घेतली. तेव्हा मला राग आला, आता त्या रागाची लाज वाटते. काठावर पोचलो तर डार्क झोन लागून चाळीस मिनिटं झाली होती. चौघेही उजाडेपर्यंत तिथेच. नऊ तास गेले, दहा मिनिटांच्या मोज्यांसाठी.

संघाने एकत्रच राहायचं असतं, त्यामुळे चौघांचा वेग म्हणजे त्या घडीला जो मागे पडलाय त्याचा वेग. आणि तो माणूस बदलत राहतो. पहिल्या रात्री तू असशील, तिसऱ्या रात्री तुमचा सगळ्यात दांडगा गडी उलट्या करत बसेल. म्हणून चांगले संघ सुरुवातीपासून कमरेला ताणाची दोरी बांधून ठेवतात, ज्याच्यात जोर आहे तो ओढतो. त्यात उपकार कसले?

किरकोळ गोष्टी: बुटांचे तळवे ब्रशने घासून ने, सह्याद्रीची माती घेऊन उतरू नकोस. शेंगदाण्याचे लाडू नेणार असशील तर विमानतळावरच्या घोषणापत्रात लिही. न सांगता नेलेलं खाणं सापडलं की जागेवर 400 डॉलर दंड. दारात सॅक ठेवून आत जाऊ नकोस, किआ नावाचा डोंगरी पोपट चोचीने शिवण उसवतो.

शनिवारी रात्री लोणावळ्याहून राजमाचीला चालत जाऊ. वाट सोपी आहे, ती तुला पाठही आहे. तरी नकाशा तूच धर. आणि अर्ध्या वाटेत तुझी सॅक मला द्यायची, दमली नसलीस तरी.

तुझी,
ताई