वाचनाची पाळी गेली आणि मनातली सल जात नाही

प्रश्न: फादर, आमच्या चर्चमध्ये रविवारच्या मिस्साला (मुख्य उपासनेला) १२ वर्षं मी बायबलमधलं पहिलं वाचन करत होते, लोक बाहेर भेटून छान वाचलंत म्हणायचे आणि खोटं कशाला बोलू, बरं वाटायचं. जूनपासून ती पाळी कॉलेजच्या एका मुलीला दिली, मला कोणी विचारलंही नाही. आता ती वाचत असते आणि मी बाकावर बसून तिच्या चुका मोजते. त्यात रात्री रोझरीची माळ म्हणताना पाच भागांपैकी तिसऱ्या रहस्यापर्यंत डोळे मिटतात. माझी भक्ती खोटीच होती का?
– एक वाचक, वसई

उत्तर: ताई, खोटी नव्हती. खोटी असती तर आपण चुका मोजतोय हे तुम्हाला खुपलंच नसतं. आणि तुम्हाला आधी विचारायला हवं होतं हे मलाही वाटतं, तुमच्या धर्मगुरूंशी एकदा सरळ बोला, मनात कुढत राहू नका.

बाळ येशूची संत तेरेजा माहितीच असेल, फ्रान्समधल्या लिझ्यूची. १८८८ मध्ये १५ वर्षांची असताना कार्मेल मठात गेली आणि २४ व्या वर्षी क्षयाने वारली, म्हणजे मोठं काही करून दाखवायला आयुष्यच मिळालं नाही, तरी १९९७ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी तिला डॉक्टर ऑफ द चर्च, म्हणजे चर्चची थोर शिक्षिका, असा मान दिला. तिने स्वतः लिहून ठेवलंय की मठात रुमाल धुताना समोरची सिस्टर कपडा आपटायची आणि मळकं पाणी हिच्या तोंडावर उडायचं. वाटलं मागे सरावं, तोंड पुसावं, म्हणजे तिला कळेल तरी. पण ती तिथेच उभी राहिली, चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. मला यातलं हेच फार आवडतं, की समोरच्या सिस्टरला पत्ताच नाही.

तुमच्यापुढचं मळकं पाणी म्हणजे ती मुलगी. बायबलमधल्या पत्राचं 'थेस्सलनीकाकरांस' हे नाव आलं की ती अडखळत असेल, सगळेच अडखळतात, तर मिस्साच्या आधी पाच मिनिटं बाजूला घेऊन शब्द तोडून सांगा, थेस्सल-नीका-करांस. पण त्याआधी घरी तिच्या नावाने एक 'नमो मरिया' ही प्रार्थना म्हणा आणि मगच जा, नाहीतर शिकवतानाही आपण पायरीभर वरच उभे असतो. मग तिने चांगलं वाचलं आणि लोकांनी तिचं कौतुक केलं तर मी शिकवलं हे कोणाला सांगायचं नाही, नवऱ्यालाही नाही. हे जड जाईल, मला माहितीये.

झोपेचं म्हणाल तर तेरेजालासुद्धा प्रार्थनेत कितीतरी वर्षं झोप यायची. ती म्हणायची लेकरू जागं असो की झोपलेलं, आईबापांना सारखंच लाडकं. तरी दहा वाजता अंथरुणात बसून म्हणत असाल तर वेळ बदला, संध्याकाळी भात शिजतोय तोवर रोझरीचं एक दशक, म्हणजे दहा नमो मरियांचा भाग, उभ्यानेच म्हणा, उरलेली जेवणानंतर घरच्यांसोबत.