तुमच्या धंद्याने कशाला नकार दिला आहे?

व्यवसायाचा हेतू, वेगळेपण आणि स्वतःची ओळख या विषयांवर आलेल्या प्रश्नांपैकी काही इथे घेतले आहेत. विचारणाऱ्यांची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

लहान कंपन्यांचे हिशेब आणि करविवरणाची कामं मी बरीच वर्षं करतो आहे. काम भरपूर आहे, पैसाही बरा मिळतो. पण हल्ली प्रत्येक प्रशिक्षणात, प्रत्येक मेळाव्यात एकच प्रश्न: 'तुमचा हेतू काय?' मी बसून विचार केला, कागदावर काही ओळी उतरवल्या, पण त्या माझ्या वाटत नाहीत. माझ्याकडे हेतूच नाही, असं समजायचं का?

नाही. लिहिलेलं आपलं वाटत नाही, एवढं तुमच्या लक्षात आलं, यातच अर्धं काम झालं आहे. अनेकजण तिथेच थांबतात, ती ओळ चौकटीत लावतात आणि पुढे तिच्याकडे कुणी बघत नाही.

बसून विचार केला की हेतू सापडतो, ही समजूतच मुळात चुकीची आहे. डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांचं उदाहरण घ्या. सैन्यात डॉक्टर असताना संधिवाताने त्यांच्या हाताची बोटं वाकडी झाली. तशाच बोटांनी ते डोळ्यांच्या शस्त्रक्रिया शिकले, सरकारी सेवेत राहिले, गावोगावच्या नेत्रशिबिरांत मोतीबिंदूचे रुग्ण तपासत राहिले. 1976 मध्ये, वयाच्या 58 व्या वर्षी निवृत्त झाल्यावर त्यांनी मदुराईत 11 खाटांचं अरविंद नेत्र रुग्णालय सुरू केलं. टाळता येण्याजोगं अंधत्व नाहीसं करायचं, हा त्यांचा हेतू कितीतरी वर्षांच्या कामातून तयार झालेला होता. रुग्णालय त्यानंतर आलं.

त्या हेतूतला 'टाळता येण्याजोगं' हा शब्द मला फार महत्त्वाचा वाटतो. डोळ्यांचा प्रत्येक आजार बरा करू, असं ते म्हणाले नाहीत. हेतू इतका नेमका होता की त्यातून रोजचे निर्णय घेता आले. शस्त्रक्रियागृहात टेबलं शेजारी शेजारी ठेवली, म्हणजे एक शस्त्रक्रिया संपताच सर्जन पुढच्या रुग्णाकडे वळतो आणि त्याचा वेळ वाया जात नाही. तयारीची आणि तपासणीची बरीच कामं ग्रामीण भागातल्या मुलींना प्रशिक्षण देऊन त्यांच्याकडे सोपवली. मोतीबिंदू काढल्यावर डोळ्यात बसवायची आयात केलेली भिंगं गरिबांना परवडत नव्हती, म्हणून 1992 मध्ये ऑरोलॅब काढून ती स्वतः बनवायला सुरुवात केली. पैसे देऊ शकणाऱ्या रुग्णांच्या उत्पन्नातून न देऊ शकणाऱ्यांवर उपचार होतात. यातला प्रत्येक निर्णय त्या एका वाक्याकडे बोट दाखवतो.

आता तुमच्याकडे येऊ. कोरा कागद बाजूला ठेवा आणि गेल्या दोन-तीन वर्षांतली कामं समोर घ्या. कोणत्या ग्राहकासाठी तुम्ही ठरल्यापेक्षा जास्त केलंत, तेही न सांगता आणि बिल न लावता? ग्राहक तुटेल हे माहीत असूनही तुम्ही कुणाला खडसावलंत, आणि कशावरून? तुमच्या पेशात सर्रास चालणारी कोणती पद्धत बघून तुमचं डोकं फिरतं? तिसऱ्या प्रश्नावर जास्त वेळ द्या. आवड बदलते, कंटाळा येतो, पण वर्षानुवर्षं टिकलेली चीड सहसा खरी असते.

समजा, तुमच्या लक्षात आलं की वर्षाअखेरीस मालकापुढे विवरण सरकवून फक्त सही घेण्याचा प्रकार तुम्हाला सहन होत नाही. मग तुमचं वाक्य असं काहीतरी होईल: 'लहान धंद्याच्या मालकाला दर महिन्याला कळलं पाहिजे की आपल्याकडे पैसा उरतो की नाही आणि का.' वाक्य साधं आहे, पण त्यातून कामं निघतात. दर महिन्याला एक पानी अहवाल द्यावा लागेल, मालकाशी अर्धा तास बोलावं लागेल, तेवढा वेळ मिळावा म्हणून ग्राहक मोजकेच घ्यावे लागतील. ज्याला फक्त सहीपुरतं काम हवं आहे, त्याला दुसरीकडे पाठवावं लागेल. असा नकार द्यायला तुम्ही तयार असाल, तर ते वाक्य तुमचं आहे.

'आवडीचं काम करा, पैसा मागोमाग येतो' हे खरं आहे का? मला छायाचित्रणाची आवड आहे, नोकरी सोडायचा विचार आहे.

आवडीमुळे तुम्ही टिकाल. पण पैसा ग्राहकाच्या गरजेतून येतो, आणि तुमच्या आवडीशी त्याला देणंघेणं नसतं. नोकरीत असतानाच ओळखीबाहेरच्या लोकांकडून पूर्ण दराने काम मिळवून बघा. मित्रांची आणि नातेवाइकांची कामं यात धरू नका. अनोळखी माणूस दुसऱ्यांदा परत आला, की मग राजीनाम्याचा विचार करा. आणि एक बघा: छायाचित्रणाच्या धंद्यात कॅमेरा हातात असण्याचा वेळ थोडाच असतो. निवड, संपादन, दर ठरवणं, थकलेली बिलं मागणं हेच जास्त. ते करायची तयारी नसेल, तर छंद छंदच राहू द्या. तोही मोलाचा असतो.

मी सल्लागार आहे आणि स्वभावाने अबोल आहे. रोज व्हिडिओ टाका, स्वतःची गोष्ट सांगा, लोकांसमोर राहा, नाहीतर पर्सनल ब्रँड तयार होत नाही, असं सगळे सांगतात. मला ते जमत नाही आणि करावंसंही वाटत नाही.

मग करू नका. अबोल माणसाने ओढूनताणून केलेला उत्साह पडद्यावर लगेच कळतो, आणि सल्लागाराकडून लोकांना जो विश्वास हवा असतो, नेमका तोच त्यातून कमी होतो.

अमान्सिओ ओर्तेगा यांनी 1975 मध्ये स्पेनमधल्या आ कोरुन्या शहरात झारा या कपड्यांच्या ब्रँडचं पहिलं दुकान उघडलं. पुढे ते जगातल्या सर्वांत श्रीमंत माणसांपैकी एक झाले, तरी 1999 पर्यंत त्यांचं एकही छायाचित्र प्रसिद्ध झालेलं नव्हतं. जाहिरातींवरही झाराचा भर नव्हता. मोक्याची दुकानं, त्यातली मांडणी आणि सतत बदलणारा माल यांवर त्यांनी सगळं लावलं. मालक न दिसताही ओळख उभी राहते, याचा याहून मोठा पुरावा मला माहीत नाही.

मात्र ओर्तेगांकडे दाखवायला दुकानं होती. तुम्ही एकटे सल्लागार आहात, त्यामुळे तुमचं काहीतरी दिसायला हवंच. तुमचा चेहरा दिसला नाही तरी चालेल, पण तुम्ही विचार कसा करता, हे दिसलं पाहिजे. जुन्या पाच ग्राहकांना फोन करा आणि एकच विचारा: 'माझं नाव दुसऱ्या कुणाला सुचवायचं झालं, तर तुम्ही नेमकं काय सांगता?' त्यांचे शब्द जसेच्या तसे लिहून घ्या, सुधारू नका. पाचांपैकी तिघे एकच गोष्ट सांगत असतील, तर तुमचा ब्रँड आधीच तयार आहे. पाचही जण पाच वेगळ्या गोष्टी सांगत असतील, तर व्हिडिओ वाढवून काही होणार नाही. आधी कामालाच एक दिशा द्यावी लागेल.

त्यानंतर एकच विषय आणि एकच माध्यम निवडा. अबोल माणसाला लेखन सहसा सोयीचं पडतं. महिन्यातून एक लेख लिहा, पण असा की वाचणाऱ्याची एक खरी अडचण सुटली पाहिजे. वर्षभरात बारा लेख होतात. नवा ग्राहक पहिल्या भेटीला येण्याआधी त्यातले दोन वाचून आला, तर अर्धी ओळख झालेली असते. स्वतःच्या संघर्षाची गोष्ट सांगायची सक्ती कुणावरही नाही. ती सांगून सहानुभूती मिळेल, पण ग्राहक स्वतःच्या अडचणीचं उत्तर शोधत आलेला असतो.

आम्ही जे काही नवीन करतो ते प्रतिस्पर्धी महिनाभरात उचलतो. पॅकेजिंग, ऑफर, वेबसाइटवरचा मजकूरसुद्धा. वेगळेपण टिकवायचं कसं?

मजकूर शब्दशः उचलला असेल तर कायदेशीर नोटीस पाठवा, ते सोडू नका. पण तुमची यादी परत वाचा. त्यातल्या सगळ्या गोष्टी वरवरच्या आहेत, त्या उचलायला कुणालाही काहीच सोडावं लागत नाही. नक्कल अवघड तेव्हा होते, जेव्हा ती करणाऱ्याला स्वतःचं काहीतरी मोडावं लागतं.

अमेरिकेतल्या साउथवेस्ट एअरलाइन्सचं उदाहरण इथे चपखल बसतं. 1971 मध्ये उड्डाणं सुरू केलेल्या या कंपनीने छोट्या अंतराची, स्वस्त आणि वारंवार उड्डाणं एवढंच करायचं ठरवलं. त्यासाठी ताफ्यात फक्त बोइंग 737 ठेवलं, म्हणजे वैमानिक, तंत्रज्ञ आणि सुटे भाग सगळीकडे सारखेच. अनेक दशकं जेवण नाही, आसनक्रमांक नाही, दुसऱ्या कंपनीच्या विमानात सामान चढवून देण्याची सोय नाही. त्यामुळे विमान उतरल्यावर फार थोड्या वेळात पुन्हा उडायचं. यातला प्रत्येक नकार दुसऱ्या नकाराला आधार देत होता.

हे यश बघून काँटिनेंटल एअरलाइन्सने 1993 मध्ये काँटिनेंटल लाइट ही स्वस्त सेवा सुरू केली. जेवण बंद केलं, भाडं उतरवलं, फेऱ्या वाढवल्या. पण त्यांची बाकीची सेवा जुन्याच थाटाची होती. जोडउड्डाणांचं सामान होतं, प्रवासी एजंटांची दलाली होती, नेहमीच्या प्रवाशांना द्यायच्या सवलती होत्या. हे काहीच सोडता येईना. विमानं उशिरा सुटू लागली, तक्रारी वाढल्या आणि 1995 मध्ये ती सेवा गुंडाळावी लागली.

तेव्हा तुमच्या प्रतिस्पर्ध्याचा मोठा ग्राहकवर्ग कोणता आहे ते शोधा. त्या वर्गाला दुखावल्याशिवाय जी सेवा त्याला देताच येणार नाही, ती तुम्ही देऊ शकता का? तो सगळ्यांसाठी सगळं करत असेल, तर तुम्ही एकाच प्रकारच्या ग्राहकासाठी इतकं खोल काम करा की तेवढं करायला त्याला बाकीचे सोडावे लागतील. यात तुमचेही काही ग्राहक जातील, आणि तेवढी किंमत मोजायची तयारी हवी. पॅकेजिंग त्याला नेऊ द्या.

आमचा लोगो जुना दिसतो. नवीन ब्रँडिंगवर वर्षाचा निम्मा जाहिरातखर्च करावा का?

लोगो वाचता येत नसेल किंवा लहान पडद्यावर दिसत नसेल, तर बदला. तुम्हालाच कंटाळा आला असेल, तर बदलू नका. ग्राहकाने तो तुमच्याइतक्या वेळा पाहिलेला नसतो, त्याला आत्ता कुठे ओळख पटू लागलेली असते. निम्मा खर्च तर नकोच.

धंदा माझ्या नावाने चालतो. फलकावर नाव माझं, ग्राहकही माझ्याच नावाने येतात. पुढेमागे विकायचा विचार आहे. नाव अडचण ठरेल का?

ठरू शकतं, आणि दोन्ही बाजूंनी. विकत घेणारा विचारेल की तुम्ही गेल्यावर ग्राहक राहतील कशावरून. ही झाली उघड अडचण. दुसरी विक्री झाल्यावर कळते. जो मलोन यांनी सुगंधांचा व्यवसाय आपल्याच नावाने उभा केला आणि 1999 मध्ये एस्टी लॉडर या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीला विकला. काही वर्षं त्या तिथेच काम करत राहिल्या आणि 2006 मध्ये बाहेर पडल्या. करारानुसार पुढची पाच वर्षं त्यांना या क्षेत्रात काम करता आलं नाही. 2011 मध्ये त्या परतल्या, तेव्हा स्वतःचं पूर्ण नाव धंद्याला लावता येत नव्हतं. नवा ब्रँड 'जो लव्हज' या नावाने काढावा लागला. तो निर्णय आपल्याला जड गेला, हे त्यांनी जाहीरपणे सांगितलं आहे.

म्हणून दोन कामं करा. पहिलं आत्ताच: तुमच्या डोक्यात असलेली पद्धत लिहून काढा आणि तिला स्वतंत्र नाव द्या. ग्राहक 'त्यांच्याकडे जायचं' याऐवजी 'ती सेवा घ्यायची' असं म्हणू लागले पाहिजेत. महत्त्वाच्या भेटींना सहकाऱ्याला बरोबर न्या, मग त्यालाच पुढे बोलू द्या, आणि नंतर स्वतः जाणं बंद करा. हे शेवटचं पाऊल मालकांना सर्वांत जड जातं, कारण ग्राहक आपल्यालाच मागतो याचं सुख मोठं असतं. दुसरं काम कराराच्या वेळचं: नावाचा हक्क कोणत्या उत्पादनांसाठी, कुठे आणि किती काळ देत आहात, हे वकिलाकडून शब्द न् शब्द तपासून घ्या. तुमचं नाव तुमच्या मुलांनाही वापरायचं असेल, याचाही त्या वेळी विचार करा.

आम्ही कागदी आणि पुन्हा वापरता येणारं पॅकेजिंग बनवतो. एका मोठ्या ग्राहकाने एकदाच वापरून फेकायच्या प्लॅस्टिकचं मोठं काम देऊ केलं आहे. हो म्हटलं तर सगळ्यांचे पगार वर्षभर निघतील. नाही म्हटलं तर तीन महिन्यांनी अडचण आहे. हेतू की पगार?

हा प्रश्न मी बराच वेळ बाजूला ठेवला होता, कारण याला सोपं उत्तर देणं म्हणजे तुमच्या माणसांच्या पगारावर आपण मोठेपणा मिरवणं.

पुढे पॅटागोनिया ही कपड्यांची कंपनी काढणारे इव्हॉन शुइनार्ड आधी गिर्यारोहणाची पोलादी पिटनं बनवत. कड्यावरच्या भेगेत ठोकायची ही खिळ्यासारखी साधनं त्यांच्या धंद्याचा कणा होती. पण पुन्हा पुन्हा ठोकून आणि उपटून कडे खराब होत होते. अमेरिकेतल्या योसेमिटीतल्या एल कॅपिटन या कड्यावरच्या एका वाटेची दुर्दशा त्यांनी स्वतः पाहिली आणि पिटनांचा धंदा हळूहळू बंद करायचा निर्णय घेतला. पण नुसतं बंद करून ते थांबले नाहीत. भेगेत हाताने अडकवता आणि काढता येणारे ॲल्युमिनियमचे चॉक त्यांनी तयार केले आणि 1972 च्या कॅटलॉगमध्ये हा बदल का हवा, हे गिर्यारोहकांना सविस्तर समजावून सांगितलं. काही महिन्यांतच पिटनांची मागणी ओसरली आणि चॉकची मागणी पुरवता येईना.

यात मला नकाराइतकाच त्याचा क्रम महत्त्वाचा वाटतो. पर्याय हातात होता, ग्राहकाला कारण सांगितलं होतं आणि मग जुनं सोडलं.

तुम्ही या ग्राहकाला अजून हो किंवा नाही म्हणू नका. त्याच कामासाठी तुमच्या मालाचा नमुना, दर आणि पुरवठ्याचं वेळापत्रक घेऊन त्याच्याकडे जा. त्याला प्लॅस्टिकच हवं आहे की स्वस्त आणि वेळेवर मिळणारं काहीही चालेल, हे विचारा. कामाचा एखादा भाग तरी कागदात बसतो का, तेही बघा. दरम्यान जुन्या ग्राहकांकडून आगाऊ रक्कम आणि बँकेकडून खेळतं भांडवल मिळतं का, याची चाचपणी सुरू करा. तीन महिने हा थोडा वेळ आहे, पण तो संपलेला नाही.

एवढं करूनही तो प्लॅस्टिकवरच अडला, तर माझं मत नकाराकडे झुकतं. ते काम घेतलंत तर यंत्रं त्यासाठी येतील, माणसं त्यात तयार होतील, आणि वर्षाने तोच ग्राहक तुमचा सर्वांत मोठा ग्राहक असेल. तेव्हा नाही म्हणणं आजच्याहून अवघड होईल. पण हा निर्णय एकट्याने घेऊ नका. ज्यांचे पगार त्यावर अवलंबून आहेत, त्यांना बोलवा, हिशेबाचा कागद त्यांच्यापुढे ठेवा, किती महिने काढता येतील ते खरं सांगा आणि सर्वांत आधी स्वतःचा पगार किती कमी करणार, तो आकडाही त्याच कागदावर लिहा.