लिंकनचं ‘ते’ पत्र तिथे आहे का?

प्रश्न : ताई, जुलैमध्ये सासू-सासरे भारतातून येताहेत. शिकागोजवळच्या नेपरविलहून सेंट लुईसला गाडीने जायचं ठरतंय आणि वाटेत स्प्रिंगफील्डचं लिंकन म्युझियम पाहायचंच, असा सासऱ्यांचा हट्ट आहे. ते निवृत्त मुख्याध्यापक. लिंकनने मुलाच्या हेडमास्तरांना लिहिलेलं पत्र त्यांच्या ऑफिसात फ्रेम करून लावलेलं असायचं. ते आता मूळ हस्ताक्षरात बघायचंय म्हणतात. सासूबाईंचे गुडघे दुखतात, मुलं ७ आणि १३ वर्षांची. अर्ध्या दिवसात जमेल का? मुलं कंटाळतील का?
— एक सून, नेपरविल

उत्तर : सूनबाई, आधी पत्राचं बोलू, कारण घोळ तिथेच होणार आहे. ते पत्र त्या म्युझियममध्ये नाही, कुठेच नाही. लिंकनने ते लिहिल्याचा पुरावा नाही आणि मूळ प्रत कुणाला सापडलेली नाही. वसंत बापटांच्या मराठी अनुवादामुळे ते आपल्याकडे शाळाशाळांच्या भिंतींवर गेलं. मराठीत उतरलंय इतकं छान, की खरंखोटं विचारावंसं कुणाला वाटलंच नाही.

सासऱ्यांना हे सांगायचं तुमच्या नवऱ्याने, आणि निघण्याआधी घरीच. तिकीट खिडकीवरच्या मुलीकडून कळलं, तर उरलेला दिवस ते गप्प बसतील. सांगताना त्यांच्या हातात लिंकनचं दुसरं पत्र छापून द्या, इंटरनेटवर सहज मिळतं. १८६०च्या जुलैत, राष्ट्राध्यक्षपदासाठी उभा असताना, त्याने ते जॉर्ज लेथम नावाच्या मुलाला लिहिलं. हा थोरल्या रॉबर्टचा मित्र, हार्वर्डच्या प्रवेशात नापास झालेला. मला फार वाईट वाटलं, पण तू मनावर घेतलंस तर हरणार नाहीस, असा त्याचा सारांश. आदल्या वर्षी खुद्द रॉबर्ट त्याच परीक्षेत आपटला होता, त्यामुळे बापाला अनुभव ताजा होता. आणि या बापाची स्वतःची शाळा सगळी मिळून वर्षभराचीही नाही. मुख्याध्यापकांना हे पत्र जास्त आवडेल, अशी माझी पैज.

हस्ताक्षरच पाहायचं असेल, तर यादवी युद्धातल्या त्याच्या प्रसिद्ध गेटिसबर्गच्या भाषणाच्या लिंकनने स्वतः लिहिलेल्या पाच प्रती शिल्लक आहेत. त्यातली एक या म्युझियमच्या संस्थेकडे आहे. कायम मांडलेली नसते, म्हणून आधी फोन करून विचारा.

आता म्युझियम. आय-५५ महामार्ग धरलात की तीनेक तासांत पोचता. आत शिरल्यावर तीन तास पुरतात. २००५ साली उघडलेलं हे म्युझियम काचेच्या कपाटांपेक्षा प्रसंग उभे करण्यावर भर देतं. मधल्या चौकात व्हाइट हाउसच्या देखाव्यासमोर लिंकन, त्याची बायको मेरी आणि तीन मुलगे यांचे माणसाच्या उंचीचे पुतळे उभे आहेत. सगळे तिथे फोटो काढतात. बाजूला रेलून बघत असलेला माणूस जॉन विल्क्स बूथ, लिंकनचा मारेकरी, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. तेराच्या पोराला तो शोधायला लावा. त्याच्यासाठी आणखी एक जागा : यादवी युद्धाचा चार मिनिटांचा नकाशा. एका सेकंदाला एक आठवडा सरकतो, सीमा पुढेमागे होतात आणि कोपऱ्यात बळींचा आकडा चढत जातो. त्या आकड्यापुढे मोबाइलवाली मुलंही मान वर करतात.

सात वर्षांच्या मुलाला मात्र एकट्याला पुढे पळू देऊ नका. गुलामांच्या लिलावाचा प्रसंग आहे : आई एकीकडे, बाप दुसरीकडे आणि मूल तिसरीकडे ओढलं जातंय. फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केली होती. ते इथे आजोबांनीच नातवंडांना सांगावं, पाटी वाचण्यापेक्षा बरं. पुढे लिंकनच्या मुलाची, विलीची खोली येते. फेब्रुवारी १८६२. खाली मेजवानी चालू आहे आणि आईबाप समारंभाच्या कपड्यांतच वर तापलेल्या पोराला बघायला आलेत. अकरा वर्षांचा विली त्याच महिन्यात गेला. लहान मुलं इथे ‘त्याला काय झालंय?’ विचारतात, उत्तर तयार ठेवा. थिएटरमधल्या एका खेळात तोफा सुटल्या की खुर्च्या हादरतात, तिथे सासूबाईंना आधीच कल्पना द्या. त्यांच्यासाठी व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागून घ्या. ‘मी काय म्हातारी आहे का’ होईल, होऊ द्या. छोट्यांना खेळायला, जुन्या पद्धतीचे कपडे घालून बघायला वेगळी खोली आहे. शेवटचा अर्धा तास तिथे काढा.

खाण्याचं. गावाचा प्रसिद्ध पदार्थ हॉर्सशू : टोस्ट, त्यावर मांस, त्यावर फ्रेंच फ्राइज, वरून चीज सॉस. घरात शाकाहारी असतील तर दशम्या आणि ठेचा कूलरमध्ये टाका, रस्त्यापलीकडच्या बागेत बसून खाता येतं.

नंतर घर आणि समाधी दोन्ही करायला जाऊ नका. लिंकनच्या घराची तिकिटं फुकट असतात, पण ठरल्या वेळी रेंजरबरोबर (तिथला सरकारी मार्गदर्शक) आत जावं लागतं आणि वर जायचा जिना अरुंद व चढणीचा आहे. गुडघ्यांचं बघता मी समाधी निवडेन. गाडी जवळ जाते, बाहेर लिंकनच्या डोक्याचा ब्राँझचा पुतळा आहे आणि नशीब उजळावं म्हणून येणाऱ्याजाणाऱ्याने घासून घासून त्याचं नाक सोन्यासारखं पिवळं केलंय. सासूबाई ‘स्मशानात कशाला?’ म्हणाल्या, तर गाडीत बसू द्या. पोरांना उचलून नाकापर्यंत पोचवायला आजोबा आहेतच. चारपर्यंत निघालात तर सेंट लुईसला जेवायच्या वेळी पोचाल.