कथेचा विषय आणि आशयसूत्र यात फरक काय?

विषय एकदोन शब्दांत सांगता येतो, आशयसूत्राला, म्हणजे कथा त्या विषयाबद्दल जे सुचवते त्याला, अख्खं वाक्य लागतं.

समजा, विषय आहे १९८२चा मुंबईतला गिरणी संप. लालबागच्या चाळीतला एक साचेवाला, म्हणजे गिरणीत माग चालवणारा कामगार. भोंगा बंद झालाय, तरी हा पहाटे उठतो, बायकोकडून डबा भरून घेतो, गिरणीच्या दारापर्यंत जातो आणि भिंतीला टेकून एकटाच जेवतो. आधी डब्यात भाजी-भाकरी असते, पुढे नुसती चटणी. एक दिवस डबा रिकामा असतो, तरी तो घेऊन निघतोच.

संप, उधारी, गावी परतणारे शेजारी हे झालं कथानक. काम गेलं की माणसाची स्वतःशी असलेली ओळखही सुटत जाते, हे आशयसूत्र. लेखक ते कुठेच लिहीत नाही, फक्त डबा दाखवत राहतो. मला ही ताकद फार मोठी वाटते.

म्हणून वाचताना जे पुन्हा पुन्हा येतं त्यावर पेन्सिलीने खूण करा आणि शेवटाकडे ते कसं बदललं ते बघा. तात्पर्याशी मात्र गल्लत नको. ‘कष्ट करावेत’ हा उपदेश झाला, तो इसापनीतीत शोभतो. एकाच कथेत दोन-तीन सूत्रंही सापडतात. मजकुरातला पुरावा दाखवता आला, तर तुमचं उत्तर वेगळं असलं तरी चालतं.