परराष्ट्र सेवा, कोर्ट आणि दिवाळीला घर

प्रिय मुली,

तुझं पत्र दोनदा वाचलं. इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगते: तू 22 वर्षांची, लॉच्या पाचव्या वर्षाला, पुण्यात. आई-बाबा कराडला, तू एकुलती. बाबांचं म्हणणं, जेएमएफसी (कनिष्ठ न्यायाधीशपदाची परीक्षा) दे, जज्ज हो, घराजवळ राहशील. तुला मात्र शाळेपासून आयएफएस, म्हणजे भारतीय परराष्ट्र सेवेतली अधिकारी व्हायचंय. ज्याच्याशी लग्न ठरल्यातच जमा आहे, तो एमडी मेडिसीन करतोय. आणि पत्राच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलंयस, “महिन्याला एक ट्रेक, दिवाळीला घर आणि पुढेमागे अंगणात एक कुत्रं. करिअरच्या पत्रात हे लिहिणं बालिश आहे का?”

मुळीच नाही. मी सुरुवातच तिथून करणार आहे, कारण तू विचारलेल्या नोकऱ्यांमधला खरा फरक त्याच ओळीत आहे.

आधी बाबांचा गैरसमज दूर करूया. न्यायाधीश म्हणजे घराजवळ, असं नाही. एमपीएससीतून दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर व प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी म्हणून निवड झाली, की नेमणूक महाराष्ट्रात कुठेही होते आणि साधारण तीन वर्षांनी बदली. माझी एक विद्यार्थिनी विदर्भातल्या एका तालुक्याला आहे. मागच्या हिवाळ्यात मी तिच्याकडे दोन दिवस राहिले. सकाळी कोर्टाच्या दाराशी लावलेला बोर्ड पाहिला, प्रकरणांची यादी दुसऱ्या पानावर गेलेली. दिवसभर पुकारे, उलटतपासण्या, मुदतीचे अर्ज. रात्री जेवण झालं की लॅपटॉपवर निकालपत्र. रविवारी रिमांडसाठी, म्हणजे कोठडीच्या आदेशासाठी आरोपी हजर केला, तर तेही तिचंच काम. आठवडी बाजार क्वार्टरपासून हाकेच्या अंतरावर, पण भाजीला ती स्वतः जात नाही. आज ज्याच्याशी मेथीच्या भावावरून हुज्जत घालायची, तो उद्या पक्षकार म्हणून समोर उभा राहू शकतो. हा एकटेपणा तिने समजून उमजून पत्करलाय. तुझ्या ट्रेकच्या ग्रुपमध्ये निम्मे वकील आहेत ना? हे तुला विचारात घ्यावं लागेल. पण न्यायालयांना दिवाळीची सुट्टी असते, उन्हाळ्याची असते, आणि कोर्टासमोर उभ्या असलेल्या माणसाला न्याय मिळतो की नाही हे तुझ्या हातात असतं. वयाच्या सत्ताविशीत इतकी थेट जबाबदारी देणाऱ्या नोकऱ्या फार नाहीत.

आता आयएफएस. वाट यूपीएससीच्या नागरी सेवा परीक्षेतूनच जाते: पूर्व, मुख्य, मुलाखत. वैकल्पिक विषय म्हणून लॉ घेता येतो, पाच वर्षांचा अभ्यास वाया जात नाही. जागा मात्र मोजक्या: 2023 च्या परीक्षेतून 37, 2024 च्या परीक्षेतून 55. खुल्या प्रवर्गाला 32 व्या वर्षापर्यंत सहा संधी. निवड झाल्यावर प्रशिक्षणाला मसुरी, मग दिल्लीची सुषमा स्वराज परराष्ट्र सेवा संस्था, त्यानंतर एक परदेशी भाषा सक्तीने शिकायची आणि तिची परीक्षा पास व्हायची.

तुझ्या मनातल्या चित्रात वाटाघाटींचं लांब टेबल आहे, हे पत्रातून कळतं. ते टेबल येतं, पण पुष्कळ पुढे. सुरुवातीच्या वर्षांत कॉन्सुलर काम, म्हणजे परदेशातल्या भारतीयांच्या अडचणी सोडवण्याचं काम वाट्याला येतं. कुणा कामगाराचा मृतदेह गावी पाठवायचा, तर रुग्णालय, पोलीस, मालक आणि विमान कंपनी यांच्याकडून एकेक कागद गोळा करायचा. कुणाचा पासपोर्ट मालकाने अडकवून ठेवलेला, कुणी तुरुंगात. हे काम मन लावून करणाऱ्या अधिकाऱ्याबद्दल मला फार आदर आहे, आणि तुझ्यासारख्या लॉच्या मुलीला त्यात पहिल्या दिवसापासून वाव आहे.

आणि दिवाळी? दूतावासात दिवाळी हा तिथल्या भारतीयांना एकत्र आणायचा दिवस, 26 जानेवारी आणि 15 ऑगस्टसारखाच. तेव्हा तू पणत्या लावत असशील, पण कराडला नाही. दर दोन-तीन वर्षांनी देश बदलणार. कुत्रं सोबत नेता येतं, पण प्रत्येक देशाचे लसीकरणाचे आणि विलगीकरणाचे नियम वेगळे. ट्रेकसाठी सह्याद्रीऐवजी अँडीज किंवा आल्प्स मिळतील, तेव्हा ती बाजू उलट भक्कमच.

खरी अडचण डॉक्टरांची आहे, आणि त्यांच्याबद्दल तू एकच वाक्य लिहिलंयस. राजनैतिक अधिकाऱ्याच्या जोडीदाराला त्या देशात नोकरी करता येते की नाही, हे दोन देशांमधल्या करारावर ठरतं. डॉक्टरला शिवाय तिथला परवाना लागतो, आणि तो मिळवण्यात सहज वर्ष-दोन वर्षं जातात. तोवर तुझी बदली आलेली असते. म्हणजे एकतर त्याने प्रॅक्टिस बाजूला ठेवायची, किंवा काही वर्षं तो पुण्यात आणि तू परदेशात. दोन्ही प्रकारे संसार चाललेली जोडपी आहेत. पण लग्नानंतर, यादीत नाव आल्यावर हे पहिल्यांदा बोलायला बसलेली जोडपी फार दुखावतात, हे मी जवळून पाहिलंय.

हा प्रश्न तुला एकटीने गिळायचा नाही, म्हणून एक जुनी गोष्ट सांगते. सी. बी. मुथम्मा 1949 मध्ये परराष्ट्र सेवेत आलेल्या पहिल्या महिला. त्या काळी सेवेतल्या स्त्रीला लग्नाआधी सरकारची लेखी परवानगी लागायची, आणि संसारामुळे काम नीट होत नाही असं सरकारला वाटलं तर राजीनामा मागता यायचा. पुरुषांना हा नियम नव्हता. मुथम्मा सर्वोच्च न्यायालयात गेल्या. 1979 मध्ये न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांच्या खंडपीठासमोर निकाल आला, तोवर सरकारने तो नियम मागे घ्यायची तयारी दाखवली होती आणि मुथम्मांना बढतीही मिळाली होती, म्हणून याचिका निकाली निघाली. पण भेदभावाबद्दल न्यायालयाने कडक शब्दांत सुनावलं. तो निकाल जरूर वाच. संसार आणि सेवा दोन्ही हवं म्हणायचा तुझा हक्क कुणीतरी लढून मिळवलेला आहे. तो मागताना अक्षर बारीक करू नकोस.

तुझ्या पत्रात नसलेली एक वाट सुचवते. परराष्ट्र मंत्रालयात ‘लीगल अँड ट्रीटीज’ विभाग आहे. करारांचे मसुदे तपासणं, आंतरराष्ट्रीय न्यायालयातल्या खटल्यांची तयारी ही त्याची कामं. पाकिस्तानने फाशीची शिक्षा सुनावलेल्या कुलभूषण जाधव यांच्या प्रकरणात 17 जुलै 2019 ला हेगच्या या न्यायालयाने 1963 च्या व्हिएन्ना कराराच्या कलम 36 वरून (परदेशात अटक झालेल्याला आपल्या दूतावासाशी संपर्काचा हक्क) भारताच्या बाजूने निकाल दिला. टीव्हीवर भारताचे वकील हरीश साळवे दिसले, पण अशा खटल्यामागे सरकारी विधी अधिकाऱ्यांचीही मेहनत असते. ही पदं यूपीएससी स्वतंत्र जाहिरात काढून थेट भरते. जागा थोड्या, जाहिरात दरवर्षी येईलच असं नाही, आणि आंतरराष्ट्रीय कायद्यातलं एलएलएम (पदव्युत्तर पदवी) व अनुभव लागतो. पण मुक्काम बहुतांशी दिल्लीत. डॉक्टरला दिल्लीत काम मिळायची चिंता नाही, आणि विमानाने पुण्यामार्गे कराडला एका दिवसात पोचता येतं. मला तुझ्यासाठी ही वाट मनापासून आवडते.

आता वेळेचं गणित, कारण इथे मुलं फसतात. 20 मे 2025 च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने न्यायाधीशपदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली. दाखला दहा वर्षं वकिली झालेल्या वकिलाचा, आणि त्यावर न्यायिक अधिकाऱ्याची सही. म्हणजे “यूपीएससी करते, नाही झालं तर जेएमएफसी” असं आता आपोआप होत नाही. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत काढलेली दोन वर्षं वकिलीत धरली जात नाहीत. माझं मत स्पष्ट आहे: पदवी हातात आली की लगेच वकिलीची सनद घे, शिवाजीनगरला जिल्हा न्यायालयात एखाद्या सीनियरकडे रुजू हो, आणि पहिल्या दोन संधी काम करत दे. वेग कमी राहील, हे मान्य. पण तुझी वकिलीची वर्षं साठत राहतील आणि एलएलएमचं दारही उघडं राहील.

परीक्षेची पुस्तकं घ्यायच्या आधी दोन कामं कर. एक दिवस कोर्टात मागच्या बाकावर सकाळपासून बोर्ड संपेपर्यंत बस. आणि या रविवारी डॉक्टरांना हे पत्र वाचायला दे. तू समोर बसून राहा, मध्ये बोलू नकोस. ते काय म्हणाले, ते मला कळव.

तुझी,
मार्गदर्शक ताई