आधी बाग, मग ग्लास

इंदूर

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि वायनरीत पाहुणे बोलवण्याचा सोबतचा आराखडा, दोन्ही निवांत बसून वाचले. वाईन चाखायला काचेच्या भिंतींची टेस्टिंग रूम, शनिवारी गाण्यांचा कार्यक्रम, फोटो काढायला रंगवलेली भिंत. तू नाशिकला दोन-तीन वायनऱ्या पाहून आलीस, हे त्यावरून लगेच कळतं. तिथल्या एका टेस्टिंग रूमचं काम मी सांभाळलेलं आहे, म्हणून मोकळेपणाने लिहिते. नाशिकला ते शोभतं आणि चालतंही. सुला या वाईन कंपनीने २००५ साली गंगापूर धरणाच्या बाजूला टेस्टिंग रूम उघडली, तेव्हापासून मुंबई-पुण्याहून माणसं तिकडे वाईनसाठी म्हणून मुद्दाम जायला लागली. त्या गर्दीला मोठी जागा लागते. तुमची द्राक्षबाग बदनावरच्या बाजूला, इंदूरहून दोन तासांवर, वायनरी छोटी आणि राबणारी माणसं घरचीच. पण ज्याने वेल छाटली त्याच्याच हातून ग्लास भरून मिळणं, हे तुमच्याकडे रोज होऊ शकतं. मोठ्या ठिकाणी मनात आणलं तरी ते जमवता येत नाही. म्हणून माझं सांगणं असं की आलेल्या माणसाला आधी बागेत ने. ग्लास नंतर.

सुगी संपली की बाकी वर्षभर दाखवायचं काय, असं तू विचारलंस. दाखवायला इतकं आहे की तू थकशील.

युरोपात वेल हिवाळ्यात झोपते आणि वर्षातून एकदा छाटतात. आपल्या हवेत तिला तशी झोप मिळत नाही, म्हणून आपण दोनदा छाटतो आणि पीक एकदाच घेतो. बाहेरून आलेल्या माणसाला ही एक गोष्ट कळली तरी त्याचे डोळे मोठे होतात. एप्रिलमध्ये पहिली, म्हणजे खरड छाटणी झाली की ओलांडे, म्हणजे वेलीच्या आडव्या जाड फांद्या, उघडे पडतात, बाग भकास दिसते. पाहुणा म्हणणारच, ‘जळली की काय?’ तेव्हा त्याला नव्या फुटीजवळ ने आणि काडीवरचा डोळा दाखव. पुढच्या जानेवारी-फेब्रुवारीत जो घड तोडायचा, त्याची घडण या उन्हाळ्यात, छाटणीनंतर दीड-दोन महिन्यांनी, या डोळ्याच्या आत सुरू होते. वरून काही दिसत नाही. माळव्यातलं बेचाळीस अंशांचं ऊन खात तो डोळा ऑक्टोबरपर्यंत थांबतो. पावसाळ्यात केवडा या बुरशीच्या रोगाची भीती, काळ्या मातीत पाणी तुंबायची भीती. तुझे वडील चर काढून पाण्याला वाट करून देतात ना, ते चरसुद्धा दाखव. वेलीला पाय ओले ठेवलेले चालत नाहीत, हे माणसाला तिथे उभं राहिल्यावरच पटतं.

मग ऑक्टोबरची दुसरी, फळासाठीची गोडी छाटणी. त्यानंतर साधारण चाळीस दिवसांनी फुलोरा. तो इतका बारीक असतो की दाखवल्याशिवाय कुणाला दिसत नाही. पुढे मण्यांत पाणी उतरायला लागतं, शिराझ या लाल वाईनच्या वाणाचे हिरवे मणी एकेक करून जांभळे होतात, एकाच घडात दोन्ही रंग. मला विचारशील तर हे आठवडे सुगीपेक्षाही सुंदर असतात, आणि तेव्हा तुमच्यावर कामाचा ताणही कमी असतो. पाहुण्यांना तेव्हा बोलाव.

सुगीत मात्र एक गोष्ट न चुकता कर. निफाडकडचे एक गृहस्थ आमच्याकडे आले होते. घरची थॉमसनची, म्हणजे खायच्या बिनबियांच्या द्राक्षांची मोठी बाग, सगळा माल निर्यातीचा. त्यांनी शिराझचा मणी तोंडात टाकला आणि तोंड वाकडं केलं. ‘बी आहे, साल जाड आहे, मणी वाटाण्याएवढा. बाजारात कोण घेईल हे?’ मी म्हटलं, आता साल तेवढी चावत राहा. त्यांनी चावली. जीभ कोरडी पडायला लागली, हिरड्यांना तुरटपणा चिकटला. मग आत नेऊन त्याच वाणाची वाईन दिली. तोच तुरटपणा त्यांनी ग्लासात स्वतः ओळखला. लाल रंगही सालीतूनच येतो, गर तर जवळजवळ पांढराच असतो, हे मग मला वेगळं सांगावं लागलं नाही. तू एका वाटीत खायची द्राक्षं आणि दुसऱ्या वाटीत वाईनची, अशी ठेव. जमलं तर रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे साखर मोजायची छोटी दुर्बीण, पाहुण्याच्या हातात दे. रसाचा एक थेंब काचेवर टाकून उजेडाकडे धरला की साखर किती ते दिसतं. बावीस ब्रिक्सच्या, म्हणजे साधारण बावीस टक्के साखरेच्या रसाची वाईन साधारण बारा टक्के अल्कोहोलची होते, आणि एका बाटलीला सव्वा किलोच्या आसपास द्राक्षं लागतात. हा हिशेब लोकांना फार आवडतो. बाटलीच्या किमतीबद्दलची कुरकुरही तिथेच कमी होते.

आता जे सांगते ते कडकपणे पाळायचं. फवारणी झालेल्या ओळीत औषधाची मुदत संपेपर्यंत पाहुणा जाणार नाही. दोरी बांध, पाटी लाव, कुणी कितीही आग्रह केला तरी नाही म्हण. आणि ऑक्टोबरात काडीवरचे डोळे एकसारखे फुटावेत म्हणून त्यांना पेस्ट लावता ते दिवस पाहुण्यांसाठी पूर्ण बंद ठेव. ती पेस्ट हायड्रोजन सायनामाइडची. अंगाला लागली किंवा श्वासात गेली आणि त्याच्या आगेमागे पोटात दारू गेली, की माणसाचा चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, रक्तदाब घसरतो, दवाखाना गाठावा लागतो. द्राक्षवाल्या गावांत हे जुन्या माणसांना ठाऊक असतं. पेस्ट लावणाऱ्यांना आधीचे आणि नंतरचे काही दिवस अजिबात न पिण्याची ताकीद द्यायची. तुमची तर वायनरीच आहे, चव पाहणं हे रोजचं काम. तिथे दुप्पट जपायला हवं.

आतल्या खोलीबद्दलही तसंच. रस आंबत असताना टाक्यांतून कार्बन डायऑक्साइड निघतो. तो हवेपेक्षा जड, त्यामुळे खाली साचतो. म्हणजे मोठ्या माणसाला काही जाणवायच्या आधी शेजारी उभ्या असलेल्या लहान मुलाला त्रास होतो. त्या दिवसांत मुलांना आत नेऊच नकोस. दार उघडं, पंखा चालू, आणि गॅस मोजायचं यंत्र भिंतीवर हवं. रंगवलेल्या भिंतीऐवजी पहिला खर्च त्यावर कर. लाल वाईनच्या टाकीत सालींची टोपी वर येते, ती तुझा भाऊ दिवसातून किती वेळा दाबतो, हे लोकांना दारातूनही छान दिसतं.

आता टेबलाकडे येऊ. आपल्याकडे वायनरीत येणारी निम्मी माणसं अवघडून बसलेली असतात. ग्लास कसा धरायचा, काय बोलायचं, हसतील का, हे त्यांच्या मनात असतं. त्यांना ‘कसला वास येतो?’ असं विचारायचं नाही. ती तोंडी परीक्षा होते, आणि वाईनच्या पुस्तकांत असते ती विलायती गूजबेरी ज्याने आयुष्यात पाहिली नाही, तो ती कुठून सांगणार? त्यापेक्षा दोन ग्लास पुढे ठेव आणि विचार, यातलं पुन्हा कोणतं घ्याल? याचं उत्तर प्रत्येकाकडे असतं. का, ते मग तो आपणच सांगायला लागतो. कुणी पेरूचं नाव घेतो, कुणी ओल्या गवताचं, आणि सोव्हिन्यों ब्लाँ या पांढऱ्या वाईनमध्ये ती दोन्ही खरोखर असतात. तू आपली मान डोलाव आणि ऐक. एखादा जाणकार आला आणि इतरांना शिकवायला लागला, तर त्याला प्रेमाने टाक्या दाखवायला ने. बाकीच्यांना मोकळं बोलू दे.

लाल वाईन खोलीच्या तापमानाला द्यायची, असं कुठेतरी वाचून येणारे भेटतील. ती खोली थंड देशातली. आपल्या मे महिन्यातल्या खोलीत लाल वाईन नुसती जळजळते. सोळा-अठरा अंशांवर दे, पांढरी आठ-दहावर. थोडा वेळ बर्फाच्या पाण्यात ठेवली तरी काम होतं.

खाण्यात तू चीज आणि ऑलिव्ह लिहिलं आहेस. ठेव हवं तर, पण आपल्याकडचं काय वाईट आहे? शेनिन ब्लाँ ही पांढरी वाईन किंचित गोडसर ठेवलीत तर तिच्याबरोबर भुट्ट्याचा कीस दे. थंडीत गराडू, म्हणजे आपला माळव्यातला कंद, तळ, वर जीरावन मसाला भुरभुर. खारट-तिखटाला तो गोडवा छान सांभाळतो. कडक शिराझबरोबर मात्र लवंगेची रतलामी शेव देऊ नकोस. तुरटपणा आणि मद्य तिखटाला पेटवतात, माणूस पाणी मागतो आणि दोष वाईनला देतो. शिराझ तुपात बुडालेल्या बाफल्याबरोबर, म्हणजे कणकेच्या उकडून भाजलेल्या गोळ्याबरोबर दे, तूप त्या तुरटपणाला मऊ करतं. माझ्या आवडीचं विचारशील तर जानेवारीच्या दुपारी ओसरीवर गराडू आणि थंड शेनिन. यापुढे मला चीजची आठवणसुद्धा येत नाही.

आणि पिकदाणी ठेव. चाखून थुंकायचं असतं हे लोकांना घाण वाटतं. तू आधी करून दाखव, मग लाज जाते. हिशेब बघ. चाळीस मिलिलिटरचे चार घोट म्हणजे एकशे साठ मिलिलिटर, त्यात पंधरा ग्रॅमच्या आसपास अल्कोहोल. गाडी चालवणाऱ्यासाठी मोटार वाहन कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल. लहान चणीचं माणूस उपाशीपोटी एवढ्यानेच ती ओलांडू शकतं. म्हणून गाडी कोण चालवणार, हे बुकिंगच्या फोनवरच विचार. त्या माणसाला द्राक्षरस, चांगलं जेवण आणि घरी न्यायला बाटली दे, म्हणजे त्याला आपण वगळले गेलो असं वाटणार नाही. एकवीस वर्षांखालच्याला घोटभरही नाही, बरोबर आईबाप असले आणि ते ‘चालतं हो’ म्हणाले तरी नाही. आबकारीची माणसं कधीही येतील, ही गोष्ट वेगळीच. त्यांची भीती नसती तरी मी हेच सांगितलं असतं.

न पिणारे पाहुणे तुला खूप मिळतील. महाराष्ट्रातून महाकाल, ओंकारेश्वर, महेश्वर करायला निघालेली कुटुंबं मांडूला जातात, तशी तुमच्याकडेही वळतील. १ एप्रिल २०२५ पासून उज्जैन, महेश्वर, ओंकारेश्वर धरून राज्यातल्या १९ धार्मिक ठिकाणी दारूची दुकानं बंद आहेत. त्या यात्रेत असलेल्या आजींना वायनरीच्या दारात उतरायलाच संकोच वाटणार. त्यांच्यासाठी बाग पाहण्याचं वेगळं तिकीट ठेव. ताजा रस, मनुके, सावलीत खुर्ची. बागेत काम करणाऱ्या बायकांशी त्यांची गाठ घालून दे, त्यांच्या गप्पा तुला ऐकण्यासारख्या असतील. मात्र त्या बायकांचे फोटो कुणी न विचारता काढणार नाही, हे पाहुण्यांना आधीच सांगायचं. त्या कामावर आलेल्या असतात.

चाखण्याचे पैसे घे, फुकट देऊ नकोस. बाटली घेतली तर ते वळते करून दे. बाटली देताना सांग की उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका, तासाभरात आतली वाईन भाजून निघते. एका वेळी आठ-दहा माणसांवर घेऊ नकोस, कारण त्यापुढे तुझे वडील बोलायचे थांबतील. मी त्यांना ओळखते.

आता तो आराखडा. काचेची मोठी भिंत तू पश्चिमेला काढली आहेस, सूर्यास्त दिसावा म्हणून. एप्रिल-मेमध्ये चारनंतर तिथे बसवणार नाही, आणि भिंतीला लावलेल्या फळीवरच्या बाटल्या वाया जातील. ती भिंत विटांची कर आणि बैठक उत्तरेच्या ओसरीत काढ, तिथून बागेच्या ओळी सरळ समोर दिसतात. वाचलेल्या पैशांतून दोन स्वच्छ संडास बांध, एक बायकांसाठी वेगळा, आणि मुख्य रस्त्यापासून तुमच्यापर्यंतचा कच्चा रस्ता मुरूम टाकून पक्का करून घे. पावसात काळ्या मातीत रुतलेली गाडी काढण्यात ज्याची दुपार गेली, तो पुन्हा येत नाही.

आबकारीच्या परवानगीचा अर्ज या महिन्यातच दे. ती हातात येईपर्यंत एकालाही चव देऊ नकोस, ओळखीचा असला तरी. गोडी छाटणी उरकली, पेस्टचे दिवस गेले आणि नवी फूट वीतभर झाली, की मला कळव. मी दोन दिवस येते. फाटकापासून बाग, टाक्या, टेबल असं आपण दोघी पाहुण्यांसारखं चालून बघू. कुठे ऊन लागतं, कुठे वेळ लागतो, ते लिहून काढू. वडिलांना सांग, त्या वेळी बोलायचं त्यांनी आणि ऐकायचं मी.

तुझी,
मावशी